दोनशे अँपिअरचं मशीन, पण वायर कितीची? घरच्या शेडसाठी वेल्डिंगचा सप्लाय

परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा वेल्डिंग केलं ते स्वयंपाकघरातल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवरून. मधे बाजारातून आणलेली एक्स्टेन्शन होती, तीही अर्धी गुंडाळलेलीच. रॉड दोन टिचक्या मारायचा आणि जॉबला, म्हणजे जोडायच्या लोखंडाला, चिकटायचा. मला वाटलं हात बसलेला नाही. अर्ध्या तासाने आई आतून ओरडली, "अरे, काहीतरी जळतंय!" प्लगची एक पिन तपकिरी झाली होती आणि गुंडाळीतल्या वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. हात बसलेला नव्हता हे खरंच, पण रॉड चिकटत होता तो होल्टेज पडत असल्यामुळे.

त्यानंतर दोन वायरमन, एक दुकानदार आणि एक इंजिनिअर मित्र अशा चौघांना विचारलं, "या मशीनला कितीची वायर लागेल?" उत्तरं आली अडीच, चार, सहा आणि दहा (हे वायरीच्या जाडीचे आकडे, स्क्वेअर एमएममध्ये). गंमत म्हणजे चौघांपैकी एकानेही मशीन कुठे आहे आणि मीटर कुठे आहे, हे विचारलं नाही. हा हिशोब अवघड नाही, फक्त तो कुणी मांडून दाखवत नाही. तो इथे मांडतो.

लेख सिंगल फेजवर चालणाऱ्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनबद्दल आहे, कारण घरगुती कामासाठी आता बहुतेक जण तेच घेतात. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनबद्दल मधे थोडं येईल. प्रत्यक्ष जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. हिशोब मात्र स्वतः करा, म्हणजे समोरचा "चालतंय की" म्हणाला तर का चालत नाही ते तुम्हाला सांगता येईल.

आधी हाताशी काय हवं

मल्टिमीटर आणि मोजपट्टी. क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून करंट मोजणारा) उसना मिळाला तरी चालेल, पण एकदा तरी मिळवाच. मशीनच्या नेमप्लेटचा फोटो. शेवटचं वीजबिल. घरात दोन किलोवॉटचा गीझर असेल तर उत्तम, त्याचं काम पुढे आहे.

१. मशीनवरचा "२००" विसरा

नव्या माणसाचा पहिला गोंधळ हाच असतो. मशीनवर मोठ्या अक्षरात २०० अँपिअर लिहिलेलं असतं आणि घराचा मेन स्विच असतो ३२ चा. मग हे चालणार तरी कसं?

ते दोनशे अँपिअर रॉडच्या बाजूचे आहेत, भिंतीच्या बाजूचे नाहीत. मशीन २३० व्होल्ट घेतं आणि रॉडला वीस-पंचवीस व्होल्ट देतं. व्होल्टेज उतरतं तसा करंट चढतो. म्हणून होल्डरची, म्हणजे रॉड धरायच्या पकडीची, केबल अंगठ्याएवढी जाड असते आणि प्लगची वायर तिच्यापुढे बारीक दिसते. सप्लायच्या वायरिंगला होल्डरच्या बाजूचा आकडा लागत नाही.

आणि त्या दोनशेवर फार विश्वासही ठेवू नका. स्वस्त मशीनवर रंगवलेला आकडा आणि नेमप्लेटवरचा आकडा वेगळा असल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. हिशोब नेमप्लेटवरूनच करायचा.

२. नेमप्लेट वाचा

मशीनच्या मागे किंवा खाली पत्र्याची पट्टी असते. तिच्यावर बरंच काही असतं. आपल्याला चारच गोष्टी हव्यात.

पहिली, सप्लाय व्होल्टेज: यू-वन. ते २३० आहे की ४१५, हे खरेदी करतानाच बघा. सेकंड हँड बाजारात दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालणारी मशिनं सर्रास मिळतात आणि विकणारा "घरी चालेल" म्हणून मोकळा होतो.

दुसरी, आय-वन-मॅक्स. मशीन पूर्ण जोरात असताना भिंतीतून जास्तीत जास्त किती अँपिअर ओढतं, तो आकडा.

तिसरी, ड्युटी सायकल, टक्क्यांत. ४० टक्के म्हणजे दहा मिनिटांत चार मिनिटं आर्क (रॉडच्या टोकाची ठिणगी, म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंग) आणि सहा मिनिटं विश्रांती. हा आकडा त्या ठरावीक करंटपुरता असतो. करंट कमी ठेवला की ड्युटी वाढते.

चौथी, आय-वन-इफेक्टिव्ह. करंट थांबून थांबून वाहतो, त्यामुळे वायर सतत वाहणाऱ्या करंटइतकी तापत नाही. तापण्याच्या दृष्टीने तो करंट किती समजायचा, ते हा आकडा सांगतो. पट्टीवर तो नसेल तर आय-वन-मॅक्सला ड्युटीच्या वर्गमुळाने गुणायचं. ६० टक्क्यांना ०.७७, ४० टक्क्यांना ०.६३, २० टक्क्यांना ०.४५.

माझ्या मशीनचं आय-वन-मॅक्स ३४ आणि ड्युटी ४० टक्के आहे. ३४ गुणिले ०.६३ म्हणजे साधारण साडेएकवीस. वायर तापते साडेएकवीसच्या हिशोबाने, पण होल्टेज पडतं ते पूर्ण ३४ च्या हिशोबाने. हे दोन आकडे वेगवेगळ्या जागी वापरायचे असतात आणि तिथेच बहुतेकांची गल्लत होते.

पट्टी खरवडलेली किंवा अर्धवट असेल तर उलट्या बाजूने या. घरकामात तुम्ही कोणता रॉड जाळणार? बारा नंबर म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालतो. दहा नंबर, म्हणजे ३.१५ चा, ९० ते १३० वर. आठ नंबर, म्हणजे ४ मिलिमीटरचा, १४० ते १८० वर. गेट, ग्रिल, झोपाळ्याची कडी, नांगराचा फाळ ही सगळी कामं दहा नंबरमध्ये निघतात. आठ नंबर घरी लावायची वेळ माझ्यावर तरी आलेली नाही.

आता १२० अँपिअर धरू. या करंटला आर्कचं प्रमाणित व्होल्टेज २४.८ धरतात (२० अधिक करंटचे ४ टक्के, असं ते सूत्र आहे). गुणाकार आला जवळपास ३,००० वॉट. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत जाणारे झाले ३,५००. साध्या सिंगल फेज इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्यापैकी खरोखर कामी येणारा हिस्सा) ०.७ च्या आसपास असतो, म्हणून ३,५०० भागिले ०.७, म्हणजे ५,००० व्होल्ट-अँपिअर. त्याला २३० ने भागलं की बावीस अँपिअर. दहा नंबर रॉड म्हणजे भिंतीतून बावीस अँपिअर, एवढं पाठ करून ठेवलं तरी पुरे.

सोळा अँपिअरच्या सॉकेटवर माझा प्लग का जळला, ते इथेच कळतं.

जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचं गणित याहून वाईट आहे. तिथे रॉड न टेकवता ७० व्होल्ट असतात आणि करंटचं प्रमाण त्या ७० वर ठरतं. १२० गुणिले ७० भागिले २३०, म्हणजे ३६ अँपिअर. रॉड तोच, वेल्डिंग तेच, पण भिंतीतून ओढणं दीडपटीहून जास्त. घरच्या सिंगल फेजवर असलं मशीन लावायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

३. तुमच्या घराला मुळात किती झेपतं

ही पायरी सगळे गाळतात. शेडपर्यंत दहाची वायर ओढली आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर जुनी, ॲल्युमिनियमची, जोड दिलेली असली, तर त्या दहाच्या वायरीला काय किंमत?

वीजबिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो. तो किती किलोवॉट आहे बघा. मग मीटरच्या तोंडावर बघा, तिथे ५-३० किंवा १०-६० अँपिअर असं छापलेलं असतं. दुसरा आकडा ही त्या मीटरची कमाल मर्यादा. मीटरचं सील आणि त्याआधीची वायर यांना हात लावायचा नाही, ते महावितरणचं आहे.

आता गीझरची चाचणी. घरातलं जड काही चालू नाही असं बघा. डीबीच्या, म्हणजे मेन स्विच आणि फ्यूज-एमसीबी असलेल्या पेटीच्या, जवळच्या एखाद्या रिकाम्या सॉकेटवर मल्टिमीटरने व्होल्टेज घ्या. समजा २३१ आलं. आता दुसऱ्या खोलीतला दोन किलोवॉटचा गीझर लावा आणि त्याच सॉकेटवर परत मोजा. समजा २२४ आलं. गीझर पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि त्याने ७ व्होल्ट पाडले. दहा नंबर रॉड बावीस अँपिअर ओढणार, म्हणजे अडीचपट. तर खांबापासून डीबीपर्यंतच १७-१८ व्होल्ट पडणार, शेडची वायर अजून लांबच आहे.

माझा स्वतःचा ठोकताळा असा: गीझर लावल्यावर ३ व्होल्टपर्यंत पडलं तर सप्लाय चांगला. ५ पर्यंत चालवून घ्या. ७-८ च्या वर गेलं तर आधी सर्व्हिस वायर, खांबावरचा जोड आणि मेन स्विचचे स्क्रू तपासून घ्या, शेडचा विचार नंतर करा. माझ्याकडे पहिल्यांदा ९ पडले होते. खांबावरचा काळा पडलेला जोड लाइनमनने नवा करून दिल्यावर ते ४ वर आले. एक पैशाची वायर न बदलता.

ही चाचणी दोनदा करा: एकदा दुपारी आणि एकदा गावात कृषिपंप चालू असताना किंवा संध्याकाळी सातच्या सुमाराला. डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असलेल्या वस्त्यांवर फरक डोळ्यांनी दिसतो. आणि इन्व्हर्टर मशीनची एक खोड लक्षात ठेवा: होल्टेज कमी मिळालं की तेवढंच काम करायला ते जास्त करंट ओढतं. २०० व्होल्टवर बावीसचे पंचवीस होतात, म्हणून होल्टेज अजून पडतं. याच्यावर उपाय म्हणून स्टॅबिलायझर लावू नका. मागची वायर बारीक असेल तर तो तिच्यातून आणखी ओढतो, एवढंच.

४. अंतर मोजा आणि वायर ठरवा

अंतर म्हणजे हवाई अंतर नव्हे. डीबीपासून वर, भिंतीवरून, पोर्चवरून, शेडच्या खांबावरून खाली सॉकेटपर्यंत वायर जशी जाणार तशी मोजपट्टी धरा. आमचं अंगण पंधरा मीटरचं, पण वायर भरली अठ्ठावीस मीटर.

वायरीला दोन परीक्षा पास व्हायच्या असतात. पहिली तापण्याची. तांब्याची पीव्हीसी वायर, पाइपमधून नेलेली, आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, साधारण एवढं सतत झेलते:

दीडची वायर: १५ अँपिअर
अडीचची: २०
चारची: २७
सहाची: ३५
दहाची: ४८

कंपनीच्या तक्त्यात यापेक्षा थोडे वरचे आकडे दिसले तर तो तक्ता किती तापमानाला आणि मोकळ्या हवेत की पाइपमध्ये, ते बघा. तापलेल्या पत्र्याखालून वायर जाणार असेल तर हेही आकडे दोन-तीनने उतरवा.

दुसरी परीक्षा होल्टेजची. पुस्तकी सूत्रं बरीच आहेत, मी हे वापरतो: मीटरमधलं अंतर गुणिले अँपिअर, भागिले वायरचा स्क्वेअर एमएम, भागिले वीस. जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी यात धरलेल्या आहेत आणि तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्सही. आकडा किंचित वाढीव येतो, तो येऊ द्या.

माझं अंतर २८ मीटर, करंट ३४.

अडीचची: २८ गुणिले ३४ भागिले २.५ भागिले २०, म्हणजे १९ व्होल्ट.
चारची: १२ व्होल्ट.
सहाची: ८ व्होल्ट.
दहाची: पावणेपाच व्होल्ट.

मशीन पूर्ण जोरात असताना डीबीपासून शेडपर्यंत आठ-दहा व्होल्टच्या आत राहायचं, असं मी ठरवलं. त्यामुळे सहाची घेतली. अंतर दहा मीटर असतं तर चारची बिनधास्त चालली असती: १० गुणिले ३४ भागिले ४ भागिले २०, म्हणजे सव्वाचार व्होल्ट. शेड पन्नास मीटरवर असती तर दहाचीच घ्यावी लागली असती. चौघांची चार उत्तरं आली होती ती यामुळेच. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं घर होतं.

एक सावधगिरी. "सहाची" म्हणून विकलेली वायर खरंच सहाची असते का? आयएसआय मार्क आणि आयएस ६९४ हा क्रमांक वायरीवर छापलेला बघा. बिनमार्कची वायर सोलून पाहिली तर तारा कमी निघतात किंवा तांब्याच्या मुलाम्याचं ॲल्युमिनियम निघतं. शंका आली तर एक तार खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत करा. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या सुमारे दीडपट-पावणेदोनपट असतो, वरचा सगळा हिशोब तिथे फसतो.

५. एमसीबी वायरीसाठी असतो, मशीनसाठी नाही

मशीन लावलं, एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला, म्हणून वायरमन मोठा एमसीबी बसवून जातो. ही चूक इतकी नेहमीची आहे की ती चूक वाटेनाशी झाली आहे. अडीचच्या वायरीवर ३२ चा एमसीबी बसवला तर मशीन छान चालेल, कारण आता एमसीबीच्या आधी वायर तापणार आहे.

नियम सोपा आहे: एमसीबीचा आकडा वायर जेवढं झेलते त्याच्या आत हवा. अडीचला २०, चारला २५, सहाला ३२, दहाला ४०. मोठा एमसीबी हवा असेल तर आधी वायर मोठी करा.

मग ३४ ओढणारं मशीन ३२ च्या एमसीबीवर कसं टिकतं? एमसीबी काही आकडा ओलांडला की लगेच पडत नाही. त्याच्या आकड्याच्या १.१३ पटीला तो तासभर पडत नाही आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडतो. तुमचा आर्क चार मिनिटांत थांबणार असतो. उन्हाळ्यात, बंद पत्र्याच्या डीबीत, तो थोडा आधी पडतो, तेव्हा डीबी सावलीत लावा.

एमसीबीवर आकड्याच्या आधी एक अक्षर असतं. बी असेल तर तो तीन ते पाचपट झटक्याला पडतो, सी पाच ते दहापट, डी दहा ते वीसपट. घरात लाइट-पंख्याला बी किंवा सी असतो. इन्व्हर्टर मशीनला सी पुरतो. ट्रान्सफॉर्मर मशीन चालू होतानाचा झटका मोठा असतो, तिथे डी लागतो. मशीनचं बटण दाबताच एमसीबी पडत असेल तर अक्षर चुकलं आहे. पाच-दहा मिनिटं वेल्डिंग केल्यावर पडत असेल तर आकडा किंवा वायर चुकली आहे.

शेडच्या लाइनला डीबीतून स्वतंत्र एमसीबी हवा. स्वयंपाकघराच्या किंवा बोअरच्या लाइनमधून फाटा काढू नका.

६. सॉकेट

तीन पिनचं घरगुती सोळा अँपिअरचं सॉकेट इथे विसरा. इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट घ्या: ३२ अँपिअर, तीन पिन, निळ्या रंगाचं. निळं म्हणजे २३० व्होल्ट, लाल म्हणजे ४१५. झाकण असलेलं घ्या, शेडमध्ये ग्राइंडरची धूळ उडते आणि पावसाळ्यात ओल येते. हार्डवेअरच्या दुकानात जुन्या पद्धतीचं लोखंडी मेटल क्लॅड मिळतं, तेही चांगलंच आहे, फक्त तीस अँपिअरचं आहे ना ते बघा.

वायरीचं टोक नुसतं पिळून स्क्रूखाली देऊ नका. लग (टोकाला बसणारी धातूची टोपी) लावून क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून घट्ट करा. बहुतेक आगी वायरीच्या मधे नाही, अशा टोकांना लागतात.

एक्स्टेन्शन वापरायचीच असेल तर तीही चारची किंवा सहाची, तीन वायरींची, आणि पूर्ण उलगडून.

७. अर्थिंग

इथे थोडं थांबा, कारण हा भाग जिवाशी आहे.

हिरवी वायर फेजच्याच मापाची घ्या. फेज सहाची तर अर्थही सहाची. "अर्थला काय, दीडची पुरते" असं ऐकाल. पुरत नाही. फेज बॉडीला लागला तर त्या वायरीतून शेकडो अँपिअर जायला हवेत, तरच एमसीबी झटक्यात पडेल.

अर्थिंग कुठे पोचतं ते बघा. जुन्या घरात हिरवी वायर डीबीपर्यंत येते आणि तिथेच संपते. पाइपचं अर्थिंग करायचं तर किमान अडीच मीटरचा जीआय पाइप जमिनीत हवा, आणि ती जागा ओली राहील अशी, न्हाणीच्या पाण्याजवळ वगैरे, निवडा. मीठ-कोळसा घालून वर चेंबर करा, म्हणजे उन्हाळ्यात पाणी ओतता येतं.

न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगवर मशीन चालवणं हा गावाकडचा जुना उद्योग आहे. एक मरण तर त्यात असतंच, वर शेजारच्या घराच्या नळालाही करंट येऊ शकतो. नको.

आता एक असा सापळा जो कुणी सांगत नाही. होल्डरच्या जोडीला जो "अर्थ क्लॅम्प" असतो, त्याचा आणि या अर्थिंगचा काही संबंध नाही. तो वेल्डिंग करंटचा परतीचा रस्ता आहे. तो जॉबलाच, आणि आर्कच्या जितका जवळ लावता येईल तितका जवळ लावा. आळसाने तो शेडच्या खांबाला किंवा टेबलाला लावला आणि टेबलावर ड्रिल किंवा ग्राइंडर ठेवलेला असला, तर शंभरेक अँपिअर त्या ड्रिलच्या बारीक हिरव्या वायरीतून परत जायची वाट शोधतात. माझ्या बेंच ग्राइंडरची अर्थची वायर अशीच आतून जळून गेली. बाहेरून काही कळलं नाही. ग्राइंडर चालत राहिला, फक्त अर्थशिवाय.

डीबीत शेडच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. आपले वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतात. त्याचा आकडा एमसीबीपेक्षा कमी नको, ३२ च्या एमसीबीला ४० चा घ्या. तो गळती पकडतो, ओव्हरलोड पकडत नाही, म्हणून एमसीबीच्या जागी नाही तर एमसीबीच्या जोडीला लागतो. आणि रॉडच्या बाजूच्या झटक्यापासून तो वाचवत नाही. रॉड टेकवलेला नसताना होल्डरवर साठ-सत्तर व्होल्ट असतात. पावसाळ्यात ओले हातमोजे घालून रॉड बदलू नका.

८. शेडपर्यंत वायर नेताना

भिंतीवरून जाणार असेल तर जाड पीव्हीसी पाइप, ऊन लागतं तिथे विशेष. अंगण ओलांडायचं असेल तर दोन पर्याय: जमिनीखालून आर्मर्ड केबल, अडीच फूट खोल, खाली-वर वाळू आणि वर विटांचा थर. किंवा उंचावरून जीआय तारेला बांधून. साधी वायर पीव्हीसी पाइपात घालून वीतभर खोल पुरणारे भेटतात. उंदीर आणि कुदळ, दोघांनाही ती सापडते. आर्मर्ड केबलचं लोखंडी कवच दोन्ही टोकांना ग्लँड (केबल घट्ट धरणारी धातूची पकड) लावून अर्थला जोडायला सांगा.

९. भार वाढवायचा असेल तर

मंजूर भार दोन किलोवॉट आणि तुम्ही नुसत्या मशीनला साडेतीन किलोवॉट ओढणार, तर भार वाढवून घ्या. महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून अर्ज करता येतो. साधारण ही कागदपत्रं तयार ठेवा:

चालू वीजबिल, थकबाकी नसलेलं.
ओळखपत्र.
जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा: घरपट्टीची पावती, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड.
परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट.

बिल आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदला. माझे तीन आठवडे तिथेच गेले. डिमांड नोट (भरायच्या रकमेचं पत्र) आल्यावर पैसे भरायचे आणि पावती जपून ठेवायची. चौकशीला १९१२ हा क्रमांक आहे.

आणखी एक गोष्ट बोलून टाकतो. स्वतःचं गेट दुरुस्त करणं वेगळं आणि लोकांची कामं पैसे घेऊन करणं वेगळं. घरगुती दराच्या मीटरवर धंदा चालवला आणि तो अनधिकृत वापर ठरला, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. घरातूनच छोटा उद्योग करणाऱ्यांना महिन्याच्या ठरावीक युनिटपर्यंत घरगुती दराची सवलत वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत दिलेली आहे, तेव्हा चालू आदेशातली अट बघून घ्या. त्यापुढे जाणार असाल तर औद्योगिक जोडणी, तीही थ्री फेज, सरळ मागा.

१०. पहिला रॉड लावण्याआधी

वायरमनकडून मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र) लावून घ्या: मशीन काढून, ५०० व्होल्टवर, फेज-न्यूट्रल एकत्र करून अर्थशी. एक मेगओहमच्या खाली आलं तर कुठेतरी ओल किंवा सोललेली वायर आहे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, पडायला हवा.

मग मशीन लावा, दहा नंबर रॉड, करंट १२०. कुणाला तरी क्लॅम्प मीटर फक्त फेजच्या वायरीभोवती धरायला सांगा. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले तर शून्य दिसेल आणि उगीच घाबराल. शक्यतो ट्रू आरएमएस लिहिलेला मीटर घ्या, साधा मीटर इन्व्हर्टरच्या करंटला कमी दाखवतो. त्याच वेळी शेडच्या दुसऱ्या सॉकेटवर व्होल्टेजही बघा. आर्क चालू असताना २१० च्या वर राहिलं तर काम झालं. पाच रॉड सलग जाळून, मेन स्विच पाडून, प्लग आणि डीबीतल्या टोकांना हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर तो स्क्रू ढिला आहे.

महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा परत आवळायला लावा. तांब्याच्या तारा पहिल्या काही दिवसांत दबतात.

माझ्याकडे दहा नंबरला एकवीस ते तेवीस अँपिअर दिसतात आणि शेडमध्ये २१६ व्होल्ट राहतं. हे दोन्ही आकडे तारखेसह डीबीच्या दाराच्या आत मार्करने लिहिले आहेत. गेल्या जूनमध्ये तेच मोजलं तर २०३ आलं. वायर तीच, रॉड तोच. खांबावरचा जोड पुन्हा काळा पडला होता.